प्रकाशकिरणे, सीटी स्कॅन आणि खानापूरचा रुग्ण: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. मेंदूतील रक्तस्राव हातात मावणाऱ्या उपकरणातील प्रकाशकिरणांनी ओळखण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत: हाडातून प्रकाश जाणे शक्यच नाही, आणि बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या लोकांच्या हाती सीटी स्कॅनऐवजी असले खेळणे देणे म्हणजे त्यांची बोळवण करणे होय.

पहिला आक्षेप टिकत नाही. डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणे कवटीतून काही अंशी आत शिरतात, विखुरतात आणि त्यांतली थोडी परत बाहेर येतात. कवटी न उघडता मेंदूतील प्राणवायूची स्थिती अशा किरणांनी पाहता येते, हे शास्त्रज्ञ फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ साली दाखवून दिले. हातात मावणाऱ्या या उपकरणात ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीची अवरक्त किरणे असतात. या तरंगलांबीपाशी हिमोग्लोबिन (रक्तातले प्राणवायू वाहणारे द्रव्य), प्राणवायूसह असो वा त्याविना, ती जवळपास सारखीच शोषते, त्यामुळे प्रश्न उरतो तो रक्त किती साकळले एवढाच. केस नीट बाजूला सारून डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना नेमक्या समोरासमोरच्या जागी मोजणी करतात आणि जिकडून किरणे कमी परततात तिकडे संशय घेतात.

दुसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. हे उपकरण साधारण ३.५ मिलिलिटरपेक्षा मोठी आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून २.५ सेंटिमीटरच्या आतली रक्ताची गाठच ओळखते. रक्तदाबामुळे खोलवर झालेला रक्तस्राव निसटू शकतो, दोन्ही बाजूंना सारखीच गाठ असली तर फरकच दिसत नाही, आणि डोक्यावरचे साधे टेंगूळही दिशाभूल करते. म्हणून ‘काही नाही’ असे दाखवले म्हणून रुग्णाला घरी धाडणाऱ्याच्या हाती ते नसलेलेच बरे.

त्याचा खरा उपयोग पुन्हा पुन्हा मोजण्यात आहे. चोर्ला घाटात दुचाकीवरून पडलेला माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चहाही घेतो (अशा वेळी पाजू नये, पण आपल्याकडे पाजतातच), आणि काही तासांनी ग्लानीत जातो. कवटीलगतची धमनी फुटल्यास असे घडू शकते. सीटी स्कॅन दर अर्ध्या तासाने करता येत नाही. ही मोजणी क्ष-किरणांविना करता येते, आणि एका बाजूचा फरक वाढू लागला तर वाटेत कुठे न थांबता बेळगाव गाठायचे, हे ठरते.

तालुक्याला सीटी यंत्र हवे ही आपली मागणी त्यामुळे जराही सैल पडत नाही. उलटी, झापड किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही दिसले, तर उपकरण काय दाखवते याची वाट न पाहता सीटी असलेल्या रुग्णालयातच न्यावे.