मोकळ्या चर्चेची पूर्वतयारी

समाजाच्या ट्रस्टची वार्षिक सभा अगदी मोकळ्या वातावरणात व्हावी, असं वाटतं ना? मग ती मे महिन्यात ठेवा. दुपारी बाराला, पत्र्याच्या शेडमध्ये. निम्मे प्रश्न सोलापूरचं ऊनच घरी बसवतं.

नोटीस मुदतीतच लावा, फक्त मठाच्या आतल्या फळ्यावर. खाली ते सोन्यासारखं वाक्य हवंच: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल, तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.’ गणपूर्ती म्हणजे किमान हजेरी. अर्धा तास चहा प्या, मग पंधरा डोकी सगळ्या समाजाचा निर्णय घ्यायला मोकळी.

बायकांना मागच्या सतरंजीवर बसवा. माईकची वायर तिथवर पोचत नाही (दरवर्षी आखूडच असते). भाषणात बाराव्या शतकातल्या संत-कवयित्री अक्कमहादेवींचं नाव मात्र दोनदा घ्या.

तरुणांना व्हॉट्सॲप ग्रुप काढून द्या. मेसेज फक्त ॲडमिननी टाकायचे.

आता सह्या. माणूस दारात आला की ‘हजेरी’ म्हणून रजिस्टर पुढं करा, वरचं अर्धं पान कोरं सोडून. रात्री निवांत त्यावर लिहा, ‘सर्वानुमते, टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर’. नवे विश्वस्त नेमलेत? बदल अर्ज 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो, त्याला हेच पान जोडा. हरकत आली की हरकत घेणाऱ्याच्याच सहीवर बोट ठेवा. ऑडिटचा हिशोब वाटू नका, ‘कार्यालयात बघायला मिळेल’ म्हणा. किल्ली खजिनदाराकडे, खजिनदार पुण्याला मुलाकडे. तरी कोणी विचारलंच, तर आधी ‘वर्गणी भरली का?’ भरली असेल, तर ‘तुमचे वडील असं कधी बोलले नाहीत.’ परवा एका सभेत एका म्हाताऱ्या मावशींनी बांधकामाचा एक आकडा विचारला. ‘देवाच्या कामात राजकारण नको’ म्हणून त्यांना खाली बसवलं, आणि पन्नास बाप्ये मुकाट्यानं शिरा खात राहिले!

लाज कशी वाटत नाही? सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर तळं खोदून घेत होते, तेव्हा संत अल्लमप्रभूंनी येऊन त्यांना तोंडावर ‘ओड्डरामा’ (दगड-माती उपसणारा राम) म्हणून हिणवलं, अशी कथा आपण पोरांना सांगतो. कामकऱ्यांनी दगड उचलले. सिद्धराम मात्र अल्लमप्रभूंशी वाद घालत बसले आणि शेवटी त्यांच्याच बरोबर कल्याणच्या (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत गेले. त्याच तळ्याकाठी संमती कट्ट्यावर, सात नंदीध्वजांसमोर, आजही सिद्धेश्वर यात्रेत आधी संमती वाचली जाते आणि मग अक्षता पडतात. तुम्ही अक्षता आधी टाकून घेता, संमती रात्री घरी लिहिता. आणि शिरा खाणाऱ्यांनो, त्या पानावर सह्या तुमच्या आहेत. त्या मावशींना आकडा मिळेपर्यंत पुढच्या सभेत कोणी पेन उचलू नका.