बोर्ड नाही, म्हणून निवांत?

दहावीचा निकाल लागला की तोच वाद नव्याने पेटतो. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, २११ मुलांना शंभर टक्के मिळाले आणि लगेच एका गटाने ‘बंद करा हे बोर्ड’ असा धोशा लावला. दुसऱ्या गटाचं म्हणणं, बोर्ड गेलं तर पोरं पुस्तकाला हात लावणार नाहीत. भांडण जोरदार, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत: अमेरिकेत बोर्ड नाही, तिकडची मुलं निवांत. पहिल्या गटाला त्याचा हेवा वाटतो, दुसऱ्याला कीव येते.

इथे कॅलिफोर्नियात, नववीत चाललेल्या मुलाच्या मराठी घरी दोघांपैकी कोणीही शाळा सुरू होताना, ऑगस्टमध्ये, येऊन बसावं.

बोर्ड नाही हे खरं. पण म्हणून हिशेब नाही असं कोणी सांगितलं? नववीच्या पहिल्या सेमिस्टरची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या चार वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर, चढते ती कायमची. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. सहा विषयांत पाच ए आणि एक बी आली की जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.८३. डिसेंबरात सेमिस्टर संपलं की तो आकडा पक्का. पहिली घटक चाचणी कशीही गेली तरी शेवटचे तीन महिने झपाटून अभ्यास करून वर यायचं, ही आपली हमखास युक्ती इथे चालत नाही. शेवटचे तीन महिने असा प्रकारच नसतो.

बी कुठून येते ते बघण्यासारखं आहे. समजा, ए साठी ९० लागतात, टेस्टला ८० टक्के वजन आहे आणि होमवर्कला २०. टेस्टची सरासरी ९१. दहा-दहा गुणांचे पाच होमवर्क, त्यातल्या चारांत ९, ९, १० आणि ८. पाचवा केला, पण पोचला नाही, म्हणून शून्य. होमवर्कची टक्केवारी ९० वरून ७२ वर येते आणि एकूण ९०.८ चे ८७.२ होतात. ए गेली, बी आली. मुलाला विषय येत होता, गृहपाठही केला होता. बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच: गूगल डॉकला परवानगी दिलेली नसते, त्यामुळे शिक्षकांना ते उघडत नाही, किंवा वहीच्या पानाचा फोटो चढवला जातो, पण ‘सबमिट’ दाबायचं राहतं. रात्री ११:५९ ची मुदत टळून जाते आणि शाळेच्या पोर्टलवर लाल अक्षरांत ‘मिसिंग’ येतं.

म्हणून शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात वह्या-पेन्सिलींच्या आधी एक काम करायचं. पॅरेंट पोर्टलचं लॉगिन सुरू करून घ्यायचं आणि प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये टेस्ट-होमवर्कचं वजन किती, उशिरा दिलेलं काम चालतं का आणि पुन्हा परीक्षा देता येते का, या तीन ओळी शोधून मुलालाच लिहून काढायला लावायच्या. नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोघांनी मिळून पोर्टल बघायचं. नोटिफिकेशन बंद ठेवा. शिक्षकांनी अजून तपासलेलंच नसतं आणि आईबाप तिकडे ऑफिसच्या मीटिंगमध्ये घामाघूम. ‘मिसिंग’ दिसलं तर शिक्षकांना ईमेल मुलाने लिहायची: कुठला होमवर्क, कधी चढवला, सोबत स्क्रीनशॉट, आणि ट्युटोरियलच्या (शंका विचारायच्या) वेळेत भेटायला येऊ का असा प्रश्न. आईने लिहिलेली ईमेल दुसऱ्या ओळीतच ओळखू येते.

आता त्या हेवा वाटणाऱ्या गटासाठी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बोर्ड रद्द झालं म्हणून फॉरवर्ड फिरवणाऱ्यांनी ते धोरण उघडून तरी बघावं. त्यात बोर्ड आहे. सीबीएसईने तर २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा केली. धोरणात नवीन आहे तो ५+३+३+४ चा आकृतिबंध. त्यातले शेवटचे चार म्हणजे नववी ते बारावी, नेमकी इथल्या हायस्कूलची चार वर्षं. हवे ते विषय एकत्र घेण्याची मुभा तीच. मग त्या चार वर्षांची आखणी घरात कोण करणार, यावर चर्चा का होत नाही? महाराष्ट्रात सायन्सला गेलं की पुढचं ठरलेलं असतं, इंटिग्रेटेड कॉलेजात तर वर्गातही बसावं लागत नाही. (क्लासेस इथेही गल्लोगल्ली निघालेत, पण तो विषय वेगळा.)

इथे आखणी आठवीच्या जानेवारी-फेब्रुवारीत कोर्स निवडीच्या फॉर्मने सुरू होते. तो फॉर्म भरताना यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) ए-जी यादी, म्हणजे प्रवेशाला लागणाऱ्या विषयांची यादी, शेजारी हवी. चार वर्षांत इतिहास-सामाजिक शास्त्रं २, इंग्रजी ४, गणित ३, प्रयोगशाळेसह विज्ञान २, परकीय भाषा २, कला १ आणि ऐच्छिक १, असे वर्षभराचे १५ कोर्स, त्यातले ११ बारावी सुरू होण्याआधी. हे झालं किमान. गणिताची ४, विज्ञानाची ३ आणि भाषेची ३ वर्षं असावीत अशी त्यांची शिफारस आहे. नववीला साधारणपणे इंग्रजी, गणित, बायॉलॉजी, भाषा, पीई (शारीरिक शिक्षण) आणि एक ऐच्छिक असे सहा तास भरतात. कला नववीतच उरकली तर अकरावीत श्वास घ्यायला जागा राहते.

इथे एक अफवा आपल्याच ग्रुपांवर जोरात चालते: यूसी नववी धरतच नाही. अर्धं खरं. जीपीए काढताना यूसी नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंतच्या ग्रेड घेते. पण नववीचा कोर्स ए-जीमध्ये धरला जायचा तर त्यात किमान सी लागते. डीवर शाळा पास करते, क्रेडिट देते, मूल घरी येऊन ‘सुटलो’ म्हणतं. यूसीच्या लेखी मात्र तो कोर्स झालेलाच नसतो. यातून पुढच्या पातळीचा कोर्स करून पळवाट एखाददुसऱ्या विषयात निघते, पण जॉमेट्री टाळून पुढचं गणित घेतलं म्हणून जॉमेट्री भरून निघत नाही. आणि खासगी विद्यापीठं चारही वर्षं बघतात. उलट बाजूही आहे: एपीचा, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचा, जादा गुण यूसी दहावी-अकरावीच्या कोर्सनाच देते. नववीत एपी ह्यूमन जिऑग्रफी घ्यावी ती विषय आवडतो म्हणून, आकडा फुगेल म्हणून नव्हे.

गणिताचा जिना सरळ आहे: अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. अल्जिब्रा १ आठवीत झालं तर बारावीत कॅल्क्युलस येतं. आपल्या लोकांना तेवढ्याने समाधान नसतं, म्हणून जॉमेट्री सुट्टीतल्या सहा आठवड्यांत उरकतात. सूत्रं सहा आठवड्यांत होतात. सिद्धता होत नाहीत, कारण त्या चुकायला, खोडायला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला वेळ लागतो. मग अल्जिब्रा २ मध्ये मूल उत्तर काढतं, पण ते का बरोबर आहे हे विचारलं की गप्प. अल्जिब्रा १ मध्ये दोन्ही सेमिस्टरला सहज ए नसेल तर उडी मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात वाद होतील. होऊ देत.

खेळाचं वेळापत्रक चुकलं तर थेट वर्ष जातं. फॉलच्या (पानगळीच्या हंगामातल्या) टीमच्या ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, शाळा सुरू होण्याच्या आसपास, काही ठिकाणी आधीच असतात आणि डॉक्टरांच्या सहीचा फिजिकलचा (शारीरिक तपासणीचा) फॉर्म नसेल तर मैदानावर पाऊल ठेवू देत नाहीत. ऑगस्टमध्ये पीडियाट्रिशियनची वेळ मिळत नाही, जूनमध्ये घ्या. आधी काही खेळलेलं नसेल तर क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याचं धावणं) बघा, तिथे बहुतेक शाळा कोणाला वगळत नाहीत. क्लब दोन पुरेत.

महाराष्ट्रातून थेट नववीत येणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. लसींच्या कार्डावर कांजिण्यांचे दोन डोस लागतात. ती लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे हमखास एक तरी कमी निघतो. सातवीपासून पुढे टीडॅपही (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची लस) लागते. टीबीची तपासणी मागितली तर रक्ताची करा. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आठवीपासूनच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यानिशी आणा.

या कुठल्याच गोष्टी अवघड नाहीत. अवघड आहे ते विचारायला कोणी नसणं. दहावी कितीही छळवादी असो, ती अख्ख्या गावाला ठाऊक असते. मावशीला ठाऊक, वॉचमनला ठाऊक, मार्चमध्ये शेजारी टीव्हीचा आवाज कमी करतात. इथे शाळेचा काउन्सेलर, म्हणजे विषयनिवडीचा सल्लागार, आडनावाच्या आद्याक्षरावरून मिळतो. व्यावसायिक संघटना एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत म्हणते, कॅलिफोर्नियात प्रत्यक्षात बरीच जास्त असतात. त्याच्या दहा मिनिटांत प्रश्न नीट विचारता यावेत म्हणून आम्ही रात्र रात्र वाचत बसतो आणि वर तिकडच्यांना ऐकवतो की आमच्याकडे कसं सगळं सुटसुटीत. ‘तुमची मुलं निवांत’ हे वाक्य झोंबतं, त्याचं निम्मं कारण हेच असावं.

उरलेलं निम्मं कारण शाळाप्रवेशाच्या एका फॉर्मवर आहे. कॅलिफोर्नियात पहिल्यांदा नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता असं विचारतात. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी, ईएलपॅक, ३० दिवसांच्या आत होते, आणि इंग्रजीच्या जादा तासात ऐच्छिक विषय जाईल या धास्तीने आपल्यातले कितीतरी जण त्या रकान्यात इंग्रजी लिहून मोकळे होतात. तेच आम्ही रविवारी मराठी शाळेच्या गाड्या भरतो आणि महाराष्ट्रातल्या हिंदीच्या सक्तीच्या वादावर हिरिरीने मतं देतो. खरं तेच लिहा. इंग्रजी माध्यमात शिकलेलं मूल सहसा ती चाचणी पार करतं आणि विषय तिथेच संपतो. भाषेच्या कोर्ससमोर स्पॅनिश लिहिण्याआधी आणखी एक प्रश्न काउन्सेलरला ईमेलने, म्हणजे लेखी उत्तर मिळेल असा, विचारून ठेवा: मराठीचं क्रेडिट देता का, आणि बारावीच्या सील ऑफ बायलिटरसीसाठी (दोन भाषा लिहिता-वाचता येतात असा डिप्लोमावरचा शिक्का) मराठीची कुठली परीक्षा मान्य आहे? उत्तर स्कूल डिस्ट्रिक्टगणिक बदलतं, आणि विचारायची वेळ नववी आहे, कारण परीक्षेत लिहायलाही लागतं आणि नुसतं बोलता येणाऱ्या मुलाला देवनागरी हाताला बसायला दोन-तीन वर्षं जातात.