कारवारला न आलेली गाडी

माझं बालपण गोव्यात, घाटाच्या पायथ्याच्या कुळ्यात गेलं. घाट चढायच्या आधी मालगाडीला इथे मागून इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सगळं ऐकू यायचं. पुढच्या इंजिनाची शिट्टी, मग मागच्यांचं उत्तर, आणि मग डब्यांच्या जोडण्यांना बसलेला धक्का एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडखडत जायचा. गाडी दूधसागराच्या दिशेने गेली की पुन्हा रातकिडे.

आईचं माहेर कारवारजवळचं सदाशिवगड. मे महिन्यात तिथे गेलो की मोठे मामा काळी नदीकडे बघत हमखास म्हणायचे, "तुमची ती गाडी आमची रे. इथूनच वर जायची होती." मला वाटायचं, भाच्याची फिरकी घेतायत. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, मामांचं म्हणणं खरं होतं.

गोष्ट कापसाची आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस आटला. मँचेस्टरवाल्यांची नजर धारवाड-हुबळीकडे वळली, कारण तिथे अमेरिकन जातीचा कापूस आधीपासून रुजला होता. पण तो समुद्राला पोचवायचा कसा? बैलगाड्या घाट उतरायच्या, निम्मा वेळ पावसात जायचा. म्हणून सदाशिवगड-कारवारचं बंदर पुढे आलं. मँचेस्टर कॉटन कंपनीने तिथे यंत्रं पाठवली. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला, त्यामागेही हाच व्यापार होता. एका पिकासाठी अख्ख्या जिल्ह्याचं सरकार बदललं! कैगा घाटातून रस्ता झाला आणि त्याच्या पाठोपाठ कारवार-हुबळी रेल्वेच्या योजना आल्या.

ती रेल्वे झाली नाही. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला. कारवारचं बंदर पक्कं करायला खर्च मोठा, आणि चार पावलांवर, सरहद्दीपलीकडे, नैऋत्येच्या वाऱ्यापासून डोंगराच्या आडोशाला असलेलं गोव्याचं मुरगाव बंदर. पण ते बंदर आणि घाटापर्यंतची वाट पोर्तुगीज राज्यात होती, एवढीच अडचण.

ती अडचण ब्रिटन आणि पोर्तुगालमधल्या २६ डिसेंबर १८७८ च्या तहाने सोडवली. पोर्तुगालच्या बाजूने परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हो यांनी तो घडवून आणला. लंडनमध्ये कंपनी उभी राहिली, भांडवल इंग्रजांचं आणि त्यावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. १८८६ मध्ये मुरगावहून सावर्ड्यापर्यंत गाडी धावली आणि १८८८ मध्ये मीटरगेजचे रूळ ब्रागांझा घाट चढून माथ्यावरच्या कॅसलरॉकला ब्रिटिश मुलखातल्या सदर्न मराठा रेल्वेला भिडले. कारवारच्या वाट्याचं ते आमच्या वाट्याला आलं.

आमच्याकडे हे इथवर अभिमानाने सांगतात. भारतातल्या सुरेख रेल्वेमार्गांपैकी एक, दूधसागराच्या पुलावरून जाणारी गाडी, पर्यटकांचे फोटो. मलाही अभिमान आहे. पण या गाडीचं तिकीट कोणी फाडलं, हे कोणी सांगत नाही म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

त्याच तहात गोव्याचं मीठ ब्रिटिशांच्या मक्तेदारीत गेलं. अबकारीची, म्हणजे दारूवरच्या कराची, व्यवस्थाही त्यांच्या पद्धतीने बसवायची ठरली. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. सरकारला रुपये मिळाले, आणि मिठाच्या आगरात उन्हात उभ्या असलेल्या माणसाला? माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेराला? आपण पिकवलेलं मीठ परक्याच्या परवानगीशिवाय विकायचं नाही, ही वेळ आगरातल्या माणसावर आली. १८९२ मध्ये तहाची मुदत संपली आणि तो पुढे चालू ठेवला गेला नाही, पण तो अमलात होता ती बारा वर्षं हातावर पोट असलेल्या घरांना फार मोठी असतात.

गेल्या एप्रिलमध्ये आगरवाड्याला गेलो होतो. बांधावर मिठाची रास, करडट पांढरी, वर झावळ्या टाकलेल्या. एक बाई अनवाणी, लाकडी फळीने पाणी सारत मीठ कडेला ओढत होत्या. त्यांनी मूठभर हातावर ठेवलं. जाड खडे, किंचित ओलसर. पेडण्याच्या त्या आगरापासून आमच्या कुळ्याचं स्टेशन कुठल्या कुठे आहे, आणि तरीही कुळ्याचे रूळ या मिठावर टाकलेले आहेत असं मला तिथे उभं राहून वाटलं.

दुसरी गोष्ट नकाशा बघितला की दिसते. ती रेल्वे मुरगावहून मडगाव, सावर्डे, कुळे करत सरळ घाटाकडे गेली. राजधानी पणजीला रेल्वे मिळाली नाही. बार्देश, पेडणे, डिचोली, कुठेच नाही. पणजीच्या माणसाला गाडी पकडायची तर आधी जुवारी नदी ओलांडायची. शंभर वर्षांहून जास्त काळ हे असंच राहिलं, कारण मार्ग आखणाऱ्याला बंदर आणि घाटमाथा हवा होता, मधली माणसं वाटेत भेटली एवढंच.

किनाऱ्याने जाणाऱ्या, माणसांसाठीच्या रेल्वेचं स्वप्न पाहिलं ते अ. ब. वालावलकरांसारख्यांनी. कोकण पायाखाली घालून त्यांनी मार्गाचा अभ्यास केला, बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते यांनी ती मागणी संसदेत लावून धरली. अखेर १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. त्यातही आमच्याकडे वाद पेटला होता, तो मला लख्ख आठवतो. खाजनांतून, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांतून, किनाऱ्याजवळून रूळ नकोत, आतल्या बाजूने न्या, म्हणून लोक रस्त्यावर उतरले, काम थांबलं, न्यायमूर्ती ओझांचा आयोग बसला. तो आतला मार्ग झाला नाही. तेव्हा आंदोलकांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांत मीही होतो. आज म्हणणार नाही. खाजनातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे त्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आमच्या शाळांत फक्त झालेल्या रेल्वेचा धडा नको. कारवारची रेल्वे का राहिली, मुरगावची का झाली, आतला मार्ग कोणी मागितला, हे नकाशा समोर ठेवून नववी-दहावीच्या मुलांना शिकवा. आज रेल्वेच्या दुपदरीकरणावर, तिच्यावरून जाणाऱ्या कोळशावर घरोघरी वाद होतात. ही मुलं उद्या त्याच वादात उभी राहणार आहेत. पुराभिलेखातले जुने आराखडे वर्षातून एकदा तरी लोकांना पाहायला मांडा.

हुबळीहून कारवारशेजारच्या अंकोल्याला उतरणाऱ्या रेल्वेमार्गाला १९९० च्या दशकात मंजुरी मिळाली आणि तो घाटातल्या जंगलाच्या प्रश्नावर अजून अडलेला आहे. कापूस गेला, माल बदलला, चढण तीच आहे. ते जंगल तोडून गाडी यावी असं मला वाटत नाही, पण सदाशिवगडच्या माणसाची दीडशे वर्षांची हुरहुर मला कळते.

कारवारला आता स्टेशन आहे, शिरवाडला. मामा गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांना हुबळीला डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि बसचे हेलकावे सोसवत नव्हते. मग त्यांना कारवारहून रेल्वेने मडगावला आणलं, तिथून घाटाची गाडी. कुळ्यात मागे इंजिन लागलं, धक्का बसला, आणि मामांनी खिडकीची दांडी धरून माझ्याकडे पाहिलं. "बघ," म्हणाले, "शेवटी आमच्याच गाडीत बसलो."