शंकराला अर्धी, बेटाला पूर्ण

'एकदम सपाट आहे हो, लहान मुलंसुद्धा करतात,' असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. लहान मुलं सोफ्यावरून कोलांट्याउड्याही मारतात. पण या खेपेला मी सावध होण्याआधीच बायकोनं ग्रुपवर आमची दोघांची नावं टाकून दिली होती.

बेताचं नाव 'मॅकिनॉ बेटाला पायी फेरी'. मिशिगनच्या ह्युरन सरोवरातलं हे बेट. नावाच्या स्पेलिंगच्या शेवटी 'सी' आहे, पण तो उच्चारायचा नाही. 1898 साली इथल्या गावानं मोटारींवर बंदी घातली, कारण घोडे बुजायला लागले होते. बंदी अजून आहे. बेटाभोवती फिरणारा एम-185 हा चक्क राज्य महामार्ग आहे आणि त्यावर घोडे, सायकली आणि आमच्यासारखी माणसं, एवढीच वाहतूक चालते. त्याची लांबी, आमच्या गटाच्या कप्तानाच्या शब्दांत, 'जेमतेम आठ'. आठ काय, ते त्यानं सांगितलं नव्हतं. माझं डोकं अजून किलोमीटरमध्येच चालतं. बोटीत बसल्यावर कळलं की ते मैल आहेत. आठ पूर्णांक दोन दशांश.

धक्क्यावर उतरलो आणि पहिली वीस मिनिटं फेरी कुठून सुरू करायची या वादात गेली. शेवटी वहिनींनी निकाल दिला, 'प्रदक्षिणा म्हणजे बेट उजव्या हाताला.' अकरा माणसं, अठरा पाण्याच्या बाटल्या, आणि माझे नवे बूट. नव्या बुटांबद्दल मला कुणीही काही सांगू नये. सगळं सांगून झालेलं आहे.

सायकलवाले मागून 'ऑन युअर लेफ्ट!' असं ओरडत येतात. म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय. आमच्या गटाला त्यातलं फक्त 'लेफ्ट' ऐकू यायचं आणि अकराच्या अकरा जण आज्ञाधारकपणे डावीकडे उडी मारायचे, थेट सायकलीपुढे. चौथ्या वेळी एक आजोबा सायकलवरून उतरले आणि आम्ही सगळे पुढे जाईपर्यंत सायकल धरून उभे राहिले.

तिसऱ्या मैलाच्या आसपास डाव्या टाचेनं बोलायला सुरुवात केली. आधी नुसतं चुरचुरलं, मग मोजा ओला लागला. बाजूला बसून बूट काढला तर टाचेवर द्राक्षाएवढा फोड, आतलं पाणी उन्हात चमकत होतं. वहिनींनी पर्समधून पट्टी काढून दिली. ती फोडाच्या निम्मी होती.

'इथं गाडी मिळत नाही का हो, कुठलीच?' मी विचारलं.

'अँब्युलन्स आहे,' कप्तान म्हणाला. 'पण बेशुद्ध पडावं लागेल.'

त्यातही धोका आहेच. या रस्त्यावर मोटारींचा पहिला अपघात 2005 साली झाला, तो आगीचा बंब आणि अँब्युलन्स यांच्यात. मोटारी अगदी मोजक्या, आणि तरी एकमेकींना सापडल्या.

साधारण अर्ध्या वाटेवर ब्रिटिश लँडिंग लागतं. तिथं बाकं आहेत आणि स्वच्छतागृह आहे, म्हणजे संस्कृती आहे. 1812 च्या जुलैत इंग्रज रात्री इथं उतरले, बेटाच्या मधून तोफ ओढत नेली आणि किल्ल्यामागच्या टेकाडावर चढवली. किल्ल्यातल्या अमेरिकन शिबंदीला युद्ध पुकारल्याची खबरच नव्हती. न लढताच त्यांनी किल्ला दिला. माझी सगळी सहानुभूती शिबंदीकडे. पण मला त्या हकिकतीतले दोनच शब्द ऐकू आले : 'बेटाच्या मधून'.

'म्हणजे आडवाट आहे!'

'चढाची आहे,' बायको म्हणाली. 'आणि त्यांनी तोफ नेली. तुमच्याकडे चिवड्याची पिशवी आहे. शिवाय प्रदक्षिणा मधून कापत नाहीत.'

मग मी ठेवणीतला मुद्दा काढला. 'शंकराला अर्धीच प्रदक्षिणा असते.'

क्षणभर गट गप्प झाला. काकांनी मानही डोलावली. मला वाटलं, जिंकलो.

'बरोबर,' बायको म्हणाली. 'मग सोमसूत्र न ओलांडता आलात तसे परत जा. चार मैल आहे.'

पुढेही चारच होते. गोल रस्त्याची ही लबाडी मला त्या बाकावर कळली. मध्यावर पोचलेल्या माणसाला परत फिरण्याची सोयच नाही.

उरलेल्या चार मैलांचं फारसं आठवत नाही. सरोवर निळं होतं म्हणतात. शेवटच्या टप्प्यात आर्च रॉक आला, पाण्यापासून 146 फूट उंचीवर चुनखडीची नैसर्गिक कमान. खालून सुंदर दिसते. वर जायला 207 पायऱ्या आहेत, हे ऐकल्यावर ती खालूनच जास्त सुंदर दिसायला लागली. वहिनी गेल्या. येताना फोटो घेऊन आल्या, त्यात खाली रस्त्याकडेला एक ठिपका दिसतो. तो मी.

गावात शिरलो तर सगळे फज नावाची मिठाई घ्यायला पळाले. इथले लोक पर्यटकांना 'फजी'च म्हणतात, त्यामुळे वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता. मी एका टांग्याजवळ कुंपणाला टेकून उभा राहिलो. घोडा दिवसभर माणसं ओढून आला असावा. मागचा एक पाय जरासा दुमडून, खुराचं टोक टेकवून, तो अर्धवट डोळे मिटून उभा होता. मीही डाव्या बुटातून टाच बाहेर काढली आणि पाय तसाच सैल सोडला. त्यानं एक कान माझ्याकडे वळवला.

बोट सुटेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.