‘बूस्टर लावून टाका’ हा सल्ला सोसायट्यांनी का ऐकू नये

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: घरात रेंज येत नाही? ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर (मोबाइलचा सिग्नल वाढवणारं उपकरण) गच्चीवर लावून टाका. उघड विकला जातो म्हणजे कायदेशीर आहे. आपली इमारत, आपली वीज, कोणाला त्रास नाही. कोणी पकडत नाही. परवान्याची भीती घालणारे स्पेक्ट्रम सल्लागार, म्हणजे रेडिओ लहरींच्या वापराबद्दल सल्ला देणारे, फीसाठी बोलतात.

मी हेच सल्लागाराचं काम करतो. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

मूळ तक्रार रास्त आहे, हे आधीच सांगतो. नव्या उंच इमारतींच्या काचांवरचा धातूचा थर, लिफ्टचे शाफ्ट आणि दोन-तीन मजली बेसमेंट सिग्नल अडवतात. पार्किंगमध्ये अडकलेल्या माणसाला फोन लागत नाही, ही गंभीर गोष्ट आहे. वाद उपायाबद्दल आहे.

‘उघड विकतात म्हणजे चालतं.’ नाही. 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने असं उपकरण परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगायलाही मनाई केली होती आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी किंवा सूट लागते असंच म्हटलंय. वायफाय, ब्लूटूथ बिनपरवाना चालतात, कारण 2.4 गिगाहर्ट्झसारखे लहरींचे ठरावीक पट्टे कमी पॉवरसाठी मोकळे केले आहेत. मोबाइलचे पट्टे तसे मोकळे नाहीत. खोक्यावरचा सीईचा शिक्का युरोपच्या बाजारासाठी असतो, इथला परवाना नव्हे. ऑनलाइन दिसतं ते सगळं वैध असतं तर मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना नोटिसा पाठवल्या नसत्या.

‘आपली इमारत, आपला हक्क.’ इमारत आपली, लहरी नाहीत. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलं. सरकार त्या लिलावात देतं. 2022 च्या लिलावात एकूण 1,50,173 कोटी रुपयांच्या बोली लागल्या. मुंबईचं परवाना क्षेत्रही उर्वरित महाराष्ट्रापासून वेगळं आहे. ज्या मोबाइल कंपनीने इथला पट्टा घेतला, त्यावर रिपीटर, म्हणजे असा बूस्टर, बसवायचा अधिकार तिचा.

मला सगळ्यात घातक वाटतं ते ‘कोणाला त्रास नाही’ हे वाक्य. बूस्टर मोबाइल टॉवरचा सिग्नल खाली आणतो, तसाच तुमच्या फोनचा सिग्नल वर पाठवतो. वर पाठवताना तो तुमचा आवाज आणि गोंगाट, म्हणजे लहरींमधला नको असलेला सिग्नल, असा भेद करत नाही. 10 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उष्णतेमुळे असणारा मूळ गोंगाट उणे 104 डीबीएम असतो (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका जोर जास्त). 70 डेसिबलचा बूस्टर त्यात स्वतःची पाचेक डेसिबलची भर घालून तो उणे 29 वर नेतो. समोरच्या इमारतीवरचा टॉवर शंभर मीटरवर असला, तर 900 मेगाहर्ट्झला वाटेत सुमारे 72 डेसिबल घटतात. उरतात उणे 101. म्हणजे दोन्ही अँटेनांचा जोर न धरताही मूळ गोंगाटापेक्षा जास्त, आणि तो धरला तर वीसेक डेसिबल आणखी. तेही तुमच्या घरात कोणी फोनवर बोलत नसताना! दूरच्या गल्लीतल्या, आधीच क्षीण पोहोचणाऱ्या फोनचा कॉल त्या गोंगाटात बुडतो. तो कॉल अँब्युलन्सला केलेला असू शकतो.

त्यात आत-बाहेरच्या दोन अँटेना जवळ असल्या की प्रकरण आणखी बिघडतं. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते, तसा बूस्टर स्वतःचाच सिग्नल ऐकून ओरडत राहतो. वरच्या मजल्यावर बूस्टरचा डबा आणि फक्त एका स्लॅबवर गच्चीतली अँटेना, ही मांडणी मुंबईत नेहमीची आहे.

दादरच्या एका इमारतीत मी हे जवळून पाहिलंय. शेजारच्या मोबाइल टॉवरच्या एका सेक्टरला, म्हणजे एका दिशेच्या अँटेनांना, मध्यरात्रीनंतरही गोंगाट होता. लोक झोपून फोनचा वापर घटला तरी गोंगाट उतरत नसेल तर त्याचं मूळ नेटवर्कच्या बाहेर आहे, ही आमची पहिली खूण. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (लहरींची ताकद स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) आणि दिशादर्शक अँटेना घेऊन गच्ची गाठली. टाकीच्या पाइपला यागी अँटेना (जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी, आडव्या दांड्यांची) बांधलेली होती, केबल डक्टमधून खालच्या एका आजोबांच्या फ्लॅटमध्ये गेली होती. त्यांनी स्वतः बूस्टरचा प्लग काढला आणि स्क्रीनवरचा उंचवटा तत्क्षणी बसला. त्यांना कोणी फसवून ते विकलं होतं; दोष त्यांचा नव्हता.

‘कोणी पकडत नाही’ याचं उत्तरही त्यातच आलं. मोबाइल कंपनीला प्रत्येक सेक्टरचा गोंगाट बसल्या जागी दिसतो, आणि तक्रार गेली की दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग यंत्रणा जागा शोधू शकते.

राहिला फीचा मुद्दा. फी घेतो, कारण मजल्यामजल्यावर मोजमाप घेणं, इमारतीच्या आतली अँटेनांची मांडणी आखणं, कंपनीच्या परवानगीची आणि अँटेना उभारणीच्या मंजुरीची कागदपत्रं तयार करणं याला वेळ आणि जाण लागते. पण बऱ्याच घरांना माझी गरजच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग (घरातल्या वायफायवरून कॉल करण्याची सोय) सुरू करा. आपल्याकडे ते 2019 च्या अखेरीपासून मिळतंय आणि घरात चांगलं ब्रॉडबँड असेल तर त्याला बूस्टर लागत नाही.

बेसमेंट, लिफ्टसाठी सोसायटीने मोबाइल कंपनीला लेखी अर्ज द्यावा. कोणत्या मजल्यावर, कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या वेळी रेंज जाते आणि फोनवर किती डीबीएम दिसतं, हे तक्त्यात लिहा. ‘नेटवर्क नाही’ एवढ्या तक्रारीवर इंजिनिअरला काही करता येत नाही. या तक्त्यावर येतं. एकापेक्षा जास्त कंपन्यांना एकच अंतर्गत अँटेना-जाळं वापरता येतं, तेव्हा सगळ्यांना एकाच दिवशी बोलवा आणि केबलसाठी डक्टमधली जागा आधी मोकळी करून ठेवा.