‘नाही’ आणि ‘पाहिले नाही’

गेली काही वर्षे मी वन्यजीवांच्या अधिवासांचे नकाशे तयार करण्याचे काम करते आहे. या काळात एका गोष्टीविषयीचे माझे मत इतके पक्के झाले आहे की ते सविस्तर मांडावे असे वाटले. संवर्धनाच्या नियोजनासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक नकाशावर ‘येथे हा प्राणी नाही’ आणि ‘येथे आम्ही पाहिलेले नाही’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या रंगांत दाखवल्या गेल्याच पाहिजेत. आज कितीतरी नकाशांत त्या एकाच कोऱ्या रंगात मिसळून गेलेल्या असतात, आणि रस्ता, खाण किंवा वसाहत आखताना नजर सगळ्यांत आधी त्या कोऱ्या जागेवरच जाते.

नकाशाच्या ताकदीविषयी माझ्या मनात किंतु नाही. १९७२ साली पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला आणि तेव्हापासून पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या प्रतिमा जमा होत राहिल्या. २००८ साली हा सगळा साठा विनामूल्य खुला झाला आणि एखाद्या जंगलाचे तुकडे कसकसे पडत गेले हे साधा संगणक असलेल्या कोणालाही पाहता येऊ लागले. २०१५ पासून सेंटिनेल-२ मालिकेतल्या उपग्रहांनी १० मीटरपर्यंतचा तपशील हाती दिला. पण नुसत्या प्रतिमांनी नियोजन होत नाही. खरे काम सुरू होते ते एका माहितीच्या थरावर दुसरा थर ठेवल्यावर. १९८०च्या दशकात मायकेल स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटांवरच्या दुर्मिळ वनपक्ष्यांच्या वावराचा नकाशा राखीव क्षेत्रांच्या नकाशावर ठेवून पाहिला, तेव्हा पक्षी एकीकडे आणि त्यांच्यासाठी राखलेली जमीन दुसरीकडे, असे चित्र समोर आले. ‘गॅप अ‍ॅनालिसिस’ ही संरक्षणातल्या फटी शोधण्याची पद्धत त्यातूनच उभी राहिली.

माझ्या मनात मात्र सर्वांत घर करून राहिलेले उदाहरण अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले आहे. तेथे म्यूल डिअर जातीच्या हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधल्यावर असे लक्षात आले की त्यांतली काही हरणे रेड डेझर्टच्या वाळवंटी प्रदेशातून होबॅकच्या डोंगराळ भागापर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा प्रवास करतात. इतकी लांबलचक वाट तोवर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. पट्ट्यांनी नोंदवलेले बिंदू जोडत गेल्यावर ती वाट कोठे रुंद होते आणि कोठे आवळली जाते हे दिसू लागले, आणि फ्रेमाँट तलावापाशी ती एखाद्या गळ्यासारखी चिंचोळी झालेली आढळली. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला गाव, आणि मधल्या पट्टीतून हजारो हरणांची ये-जा. त्या ठिकाणची ३६४ एकर जमीन पुढे विकत घेऊन वन्यजीवांसाठी राखण्यात आली. नेमक्या त्याच ठिकाणी घरे उभी राहिली असती तर बाकीचा सगळा मार्ग मोकळा असूनही हरणांना त्याचा काय उपयोग होता? मर्यादित पैसा नेमका कोठे खर्च करावा हे सांगण्याचे सामर्थ्य नकाशात असते ते असे.

परंतु त्या हरणांच्या गळ्यात पट्टे बांधलेच नसते, तर तोच गळा नकाशावर कोरा राहिला असता, आणि त्या कोऱ्या जागेने कोणालाही सावध केले नसते. माझा सारा आग्रह येथून सुरू होतो.

हा धडा मला एका ओढ्याने दिला. भू-आच्छादनाच्या, म्हणजे जमिनीवर कोठे शेती, झाडे किंवा पाणी आहे हे दाखवणाऱ्या, ज्या नकाशावर आम्ही काम करत होतो, त्याचा एक चौकोन ३० मीटर गुणिले ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटरचा होता. ओढा जेमतेम सहा-सात मीटर रुंद. दोन्ही काठांना झाडांची एकेरी रांग आणि तिच्यापलीकडे लगेच शेती. प्रत्येक चौकोनात शेतीचा वाटा मोठा असल्यामुळे संगणकाने तो सबंध पट्टा ‘शेती’ म्हणून रंगवला होता. नियमाप्रमाणे त्याचे काही चुकले नव्हते. पडताळणीसाठी आम्ही तेथे गेलो तेव्हा एका मोरीखालच्या ओल्या गाळात पाणमांजराच्या पावलांचे ठसे उमटलेले होते, पाचही बोटे स्पष्ट, आणि बाजूच्या दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली ताजी विष्ठा होती. मी हातातल्या पडद्यावर त्या जागेचा रंग पाहिला, तर शेताचा पिवळा. त्या नकाशावरून कोणी रस्ता आखला असता तर ती मोरी बुजवून तेथे एक लहानसा पाइप टाकायला कोणाचीच हरकत आली नसती. तो नकाशा मी स्वतः तपासून पुढे पाठवलेला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

प्राण्यांच्या नोंदींचीही हीच कथा आहे. माणसे जेथे सहज पोहोचतात तेथे नोंदी होतात. पक्षिनिरीक्षकांनी खुल्या संकेतस्थळांवर टाकलेले बिंदू नकाशावर मांडले की रस्ते, पर्यटनस्थळे आणि शहरांचे परिसर ठळक उठून दिसतात, जणू पक्ष्यांना डांबरी सडकेचीच ओढ असावी. मॅक्सेंटसारखी संगणकीय प्रारूपे केवळ ‘आढळला’ अशा नोंदींवरून संभाव्य अधिवास काढून देतात. ती उपयुक्त आहेत आणि मी स्वतः वापरते. पण नोंदींमधला कल आधी दुरुस्त केला नाही, तर प्राण्यांच्या नावाखाली माणसांच्याच वावराचे चित्र आपल्या हाती येते. दरीच्या पलीकडचा उतार अशा वेळी ‘अयोग्य’ ठरतो, आणि त्याचे एकमेव कारण तेथे कोणी गेलेले नाही एवढेच असते.

गवताळ प्रदेशांच्या बाबतीत हे आणखी दुखावणारे आहे. वर्गवारी ठरवणाऱ्याच्या मनात निसर्ग म्हणजे झाडे असे असेल, तर माळरान हे ‘मोकळे’, ‘नापीक’ किंवा ‘लागवडीयोग्य’ अशा खान्यात जाऊन पडते. जगभर कोठे कोठे झाडे वाढू शकतील याचा एक गाजलेला नकाशा २०१९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक परिसंस्थातज्ज्ञांनी लगेच आक्षेप घेतला की त्यात सवाना आणि नैसर्गिक गवताळ प्रदेशही वृक्षारोपणाची जागा म्हणून धरले आहेत. हजारो वर्षांपासून गवत आणि त्यावर जगणारे प्राणी जेथे नांदत आले, ती जागा झाडांअभावी रिकामी मानली गेली होती. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीला त्या तथाकथित रिकामेपणाचाच आसरा असतो.

काही माहिती जाणूनबुजून झाकावी लागते, हेही मला मान्य आहे. दक्षिण चीनमधल्या गोनियूरोसॉरस लुई या पालीचे वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी तिची इतकी पकड झाली की मूळ ठिकाणाहून ती नाहीशी झाली. अशा जातींचे अचूक बिंदू जाहीर करू नयेत. पण झाकलेली जागा झाकलेली आहे असे नियोजन करणाऱ्याला कळण्याची सोय हवी. तीही कोरी दिसू लागली तर लपवण्याचा हेतूच उलटतो.

‘नकाशावर इतकी अनिश्चितता दाखवली तर निर्णयच घेता येणार नाहीत,’ असे मला बैठकांमधून वारंवार ऐकवले जाते. मला हे पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफ या समुद्रातल्या प्रवाळ क्षेत्राची नव्याने आखणी झाली तेव्हा तेथल्या प्रत्येक जातीची माहिती मिळवणे अशक्यच होते. म्हणून तज्ज्ञांनी त्या क्षेत्राचे ७० जैवप्रदेश पाडले आणि प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग मासेमारीपासून मुक्त ठेवायचा असे ठरवले, म्हणजे ज्यांची नोंदच झालेली नाही अशा जीवांनाही वाटा मिळावा. २००४ साली ही आखणी लागू झाली तेव्हा असे संरक्षित क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते ते सुमारे ३३ टक्क्यांवर गेले. अज्ञान मान्य करूनच तेथे निर्णय घेतला गेला, आणि तो निर्णय मोठा होता.

आमच्या गटाने आता तिसरा रंग वापरायला सुरुवात केली आहे. आढळ असेल तेथे हिरवा; ठरावीक वेळा शोधूनही काही न मिळाल्यास पांढरा, आणि त्यासोबत किती वेळा व कोणत्या ऋतूत शोधले याची नोंद; कोणी गेलेच नसेल तेथे राखाडी. पहिला नकाशा असा छापून आला तेव्हा आम्ही स्वतःच दचकलो, कारण जवळजवळ सगळा कागद राखाडी झाला होता. पाणमांजराचा ओढा त्यावर आता हिरव्या रेघेने दिसतो. ती रेघ मोरीपासून वरच्या अंगाला जाते आणि दोन टेकड्यांच्या मध्ये राखाडीत विरते. पावसाळा संपून पाणी ओसरले की आम्ही तेथून पुढे चालत जाणार आहोत.