१९०६ च्या आगीत सगळंच जळालं नव्हतं

'सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात चिनी स्थलांतरितांची सगळी कागदपत्रं जळाली, त्यामुळे अमेरिकेतल्या चिनी घराण्यांची मुळं आता सापडणारच नाहीत' असा मजकूर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत शहराचे जन्मदाखले जळाले, हे खरं. त्यामुळे 'मी इथेच जन्मलो, म्हणजे अमेरिकेचा नागरिक आहे' हा दावा खोडून काढणं अवघड झालं. नागरिकाच्या मुलांना प्रवेश मिळत असे, म्हणून अनेक जण विकत घेतलेल्या नावावर, दुसऱ्याचा मुलगा म्हणून आले. १८८२ च्या चिनी बंदी कायद्याने मजुरांची वाट बंद केली होती. ते तरी काय करणार?

पण याच संशयापोटी १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर, तिथल्या स्थलांतर केंद्रात, येणाऱ्यांची कसून चौकशी झाली. घराचं तोंड कुठे, विहीर किती लांब, तांदळाचा रांजण कुठे ठेवता? मुलाची आणि बापाची उत्तरं ताडून पाहत. त्या जबान्यांच्या हजारो फायली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो इथल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत.

फक्त एक जपा: फायलीतलं आडनाव उसनं असू शकतं, आणि पाठ केलेली उत्तरंही त्याच उसन्या घराची. अशा वेळी आजोबांची कबर पाहा. तिच्यावर चिनी अक्षरांत खरं आडनाव आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या गावाचं नाव कोरलेलं अनेकदा सापडतं.